चाळीस शब्दांचा नकार

जर्मन भाषेच्या बी-१ पातळीच्या परीक्षेत लेखनाला तासभर वेळ मिळतो. पहिल्या दोन प्रश्नांत प्रत्येकी साधारण ८० शब्द लिहायचे असतात. तिसरा प्रश्न सगळ्यांत छोटा. ४० शब्द, आणि त्याला १५ मिनिटं पुरावीत अशी अपेक्षा. गोएथे इन्स्टिट्यूटच्या नमुना प्रश्नपत्रिकेत तो असा येतो: तुमच्या वर्गाच्या शिक्षिका फ्राउ म्युलर यांनी तुम्हाला भेटीला बोलावलं आहे. ठरलेल्या वेळी तुम्हाला येता येणार नाही. त्यांना तसं लिहा, सौजन्याने माफी मागा आणि का जमणार नाही ते सांगा.

एवढंच. शब्द ओळखीचे, व्याकरणही फार पुढचं नाही. तरी मराठी घरात वाढलेल्या मुलाला या पेपरातला हाच प्रश्न खरा परका वाटावा असा आहे. बोलावणं आल्यावर ‘मी येणार नाही’ असं लिहून, खाली स्वतःचं नाव घालून पाठवायचा प्रसंग त्याच्यावर सहसा कधी आलेलाच नसतो.

जालना म्हटलं की लोकांना स्टीलच्या सळया आठवतात, महिकोचं बियाणं आठवतं, मोसंबी आठवते. जर्मन भाषेशी या जिल्ह्याचा फारसा संबंध येण्याचं कारण नव्हतं. शेजारच्या छत्रपती संभाजीनगरला शेंद्र्याच्या किंवा वाळूजच्या कारखान्यात नोकरीला गेलेल्याच्या कानावर एखादा जर्मन शब्द पडायचा, तेवढाच. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, सुरुवातीला १० हजार तरुणांचं उद्दिष्ट जाहीर झालं आणि गोष्ट तालुक्यापर्यंत आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची वर्षाची संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं ठरवलं. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार, ड्रायव्हर अशी माणसं तिकडे हवी आहेत. पण आधी भाषा हवी. बऱ्याच कामांना ए-२ किंवा बी-१, नर्स म्हणून पूर्ण मान्यता हवी असेल तर साधारण बी-२. त्यामुळे आयटीआयतून वायरमन झालेला परतूरचा मुलगा किंवा जीएनएम केलेली भोकरदनची मुलगी आता मोबाइलवर ‘डेर, डी, डास’ ही जर्मन उपपदं घोकताना दिसली तर नवल वाटायला नको.

‘डेर, डी, डास’ घोकून पाठ होतं. नकाराचं तसं नाही.

आपल्याकडे निमंत्रणाला नकार द्यायची पद्धत काय, हे एकदा नीट पाहायला हवं. लग्नसराईत घरात पत्रिकांचा गठ्ठा साचतो. कुणी अक्षता घेऊन दारात येतो, कुणी फोनवर ‘हेच निमंत्रण समजा’ म्हणतो, कुणी चूलबंद आवतन देतो, म्हणजे त्या दिवशी घरातली चूल पेटलीच नाही पाहिजे, सगळ्यांनी जेवायला यायचं. पत्रिकेच्या तळाशी लहान मुलांची नावं घालून ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ असं लिहिलेलं असतं. या साऱ्याला उत्तर एकच: ‘येतो की!’ जायचं असलं तरी तेच आणि नसलं तरी तेच. फार तर ‘बघतो, जमवतो’, ‘तोंड दाखवून जाईन’, ‘घरचं कुणीतरी नक्की येईल’. दारात अक्षता घेऊन आलेल्या माणसाला ‘त्या दिवशी मला जमणार नाही’ असं तोंडावर सांगणारा माणूस गावात उद्धट ठरतो. जो ‘येतो’ म्हणतो आणि जात नाही, त्याला पुढच्या भेटीत ‘का हो, आला नाहीत?’ एवढं ऐकावं लागतं. त्याने कारण सांगायचं, समोरच्याने ‘असू द्या, घरचंच कार्य होतं’ म्हणायचं, की हिशेब मिटला.

बाहेरच्याला हे खोटेपणाचं वाटू शकतं. तसं ते नाही. ‘येतो की’ हे कार्यक्रमाच्या उपस्थितीविषयीचं विधान नसतंच. तुमच्या बोलावण्याचा मान राखला, आपलं नातं जागेवर आहे, एवढंच त्यातून सांगायचं असतं आणि ऐकणाऱ्यालाही ते तेवढंच ऐकू येतं. शिवाय यामागे एक रोकडं कारण आहे. गावातल्या लग्नात पंगत बसते. पाचशे येतील की सातशे, हे यजमानाला माहीत नसतं आणि त्याचं त्याला फार दुःखही नसतं. माणसं वाढली तर बुंदीचा आणखी एक घाणा निघतो, वांग्याच्या भाजीचं आणखी एक पातेलं चढतं. एक माणूस आला नाही म्हणून कुणाचं पान रिकामं दिसत नाही. जिथे स्वयंपाक माणसं मोजून होत नाही, तिथे नकार आगाऊ कळवण्याची गरजच तयार होत नाही.

आता याच जिल्ह्याच्या मातीत एक नकार असाही झाला आहे की त्याची कथा महाराष्ट्रभर सांगतात. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. जन्म १६०८ चा. परंपरेने सांगितली जाते ती गोष्ट अशी की बोहल्यावर उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या नारायणाने ‘सावधान’ हा शब्द ऐकला आणि तो मांडवातून पळाला. कळवणं नाही, कारण नाही, पर्यायी तारीख नाही. जर्मन परीक्षकाने शून्य गुण दिले असते. पण गंमत बाजूला ठेवली तरी त्या कथेतून आपल्याकडच्या रीतीची एक बाजू दिसते. आपला मोठ्यात मोठा नकारसुद्धा तोंडाने दिला गेला नाही, पायांनी दिला गेला.

जर्मन घरातलं बोलावणं वेगळ्या मापाचं असतं. शनिवारी दुपारी चार वाजता ‘काफे उंड कूखेन’, म्हणजे कॉफी आणि केक. टेबलाभोवती सहा खुर्च्या, सहा बशा. केक सकाळी घरी भाजलेला. तिथे सहावा माणूस ‘येतो की’ म्हणून आला नाही तर एक खुर्ची, एक बशी आणि केकचा एक तुकडा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर संध्याकाळपर्यंत बसून राहतो. मोठ्या समारंभाच्या पत्रिकेवर तर चार अक्षरं छापलेली असतात, त्यांचा अर्थ ‘कृपया उत्तर कळवावे’, आणि पुढे तारीख. त्या तारखेपर्यंत हो किंवा नाही, दोन्हीपैकी काहीही चालतं. चालत नाही ते गप्प बसणं, आणि त्याहूनही चालत नाही ते हो म्हणून न जाणं. सौजन्य आपण शब्दांच्या मऊपणात शोधतो. जर्मन माणूस ते वेळेत शोधतो. पंधरा दिवस आधी आलेला सरळ नकार त्याच्या लेखी चांगल्या माणसाचं लक्षण आहे. आदल्या रात्री आलेला गोड नकार नाही.

शिष्टाचाराच्या पुस्तकांना जर्मनीत आजही ‘क्निगे’ म्हणतात. हे नाव आडोल्फ क्निगे या लेखकावरून आलं. १७८८ मध्ये त्याने माणसामाणसांतल्या वागणुकीवर पुस्तक लिहिलं. काटा कुठल्या हातात धरावा असलं त्यात काही नव्हतं. वेगवेगळ्या थरांतल्या, स्वभावांच्या माणसांशी कसं वागावं, याचा तो ग्रंथ होता. पुढे लोकांनी त्याच्या नावावर काटे-चमचेही चढवले, ही गोष्ट निराळी.

तर चाळीस शब्द. जर्मन शिकवणारे या पत्राचा सांगाडा साधारण असा सांगतात. आधी आभार: ‘फीलेन डांक फ्यूर डी आइनलाडुंग’. मग इच्छा होती हे सांगायचं: ‘इश व्युर्डे झेअर गेर्न कोमेन’, मला यायला फार आवडलं असतं. मग ‘आबर’, म्हणजे पण, आणि एका वाक्यात कारण: शनिवारी मला काम आहे, ‘इश मुस आम झाम्सटाग आर्बायटेन’. मग दुसरी वेळ सुचवायची किंवा कार्यक्रमाला शुभेच्छा द्यायच्या. सुरुवातीला शिक्षिकेला शोभेलसं ‘झेअर गेएर्टे फ्राउ म्युलर’ किंवा ‘लीबे फ्राउ म्युलर’, शेवटी ‘मिट फ्रॉइंडलिशेन ग्र्यूसेन’. परीक्षक चार गोष्टी तपासतात: सांगितलेलं सगळं आलं का, वाक्यं एकमेकांना धरून आहेत का, शब्दसंपत्ती आणि व्याकरणाची रचना. शिक्षिकेला ‘हालो’ लिहून अरे-तुरे केलं असेल, तर व्याकरण शुद्ध असूनही गुण जातात. प्रत्येक विभागात पास व्हायला १०० पैकी ६० लागतात.

या सांगाड्यात सगळ्यात जास्त काम करणारा शब्द एक आहे, ‘लायडर’. खेदाने, दुर्दैवाने असा त्याचा अर्थ कोशात मिळेल. जर्मन वाक्यात ‘नाही’ बहुतेकदा शेवटाकडे येतं, अगदी आपल्या ‘जमणार नाही’सारखं. पण ‘लायडर’ वाक्याच्या सुरुवातीला किंवा मध्येच येऊन बसतो आणि ऐकणाऱ्याला पुढचं कळून चुकतं. आपण ‘अहो, काय झालं...’ म्हणालो की समोरच्याच्या लक्षात येतं ना, तसं. फरक इतकाच की ‘अहो, काय झालं’नंतर आपण पाच मिनिटं बोलतो.

इथे मराठी मुलांना एक फायदा आहे, तो इंग्रजी माध्यमातून जर्मन शिकताना झाकला जातो. ‘व्हाइल’ म्हणजे कारण. या शब्दाने सुरू होणाऱ्या उपवाक्यात क्रियापद शेवटी जातं. इंग्रजीच्या सवयीने विचार करणाऱ्याला हे उलटंपालटं वाटतं आणि तो महिनोन्‌महिने चुकतो. मराठीत क्रियापद शेवटीच असतं. ‘कारण मला शनिवारी काम करायचं आहे’ हे वाक्य मनात मराठीतच ठेवून शब्द बदलत गेलं, तर ‘व्हाइल इश आम झाम्सटाग आर्बायटेन मुस’ जवळजवळ आपोआप जागेवर बसतं. करायचं आधी, आहे नंतर. ‘आर्बायटेन’ आधी, ‘मुस’ नंतर.

इंग्रजीच्या वाटेने आलेला दुसरा खड्डा जास्त खोल आहे. जर्मनमध्ये ‘व्हिल’ हे क्रियापद आहे. इंग्रजीत ‘विल’ भविष्यकाळ दाखवतो, म्हणून नवशिका बेधडक लिहितो, ‘इश व्हिल निश्त कोमेन’. त्याला म्हणायचं असतं, मी येणार नाही. वाचणाऱ्याला मिळतं, ‘मला यायचंच नाही’. फ्राउ म्युलर बिचाऱ्या समजून घेतील. वाढदिवसाला बोलावणारा सहकारी कदाचित घेणार नाही. या एका शब्दाऐवजी ‘कान’ लिहिलं, म्हणजे ‘येऊ शकत नाही’, आणि सोबत ‘लायडर’ जोडला की काम भागतं. ‘मला वेळ नाही’चं शब्दशः जर्मन भाषांतरही व्याकरणात बिनचूक आहे, पण निमंत्रणाला उत्तर म्हणून कोरडं लागतं. त्याऐवजी ‘इश हाबे लायडर शोन एटवास फोर’, त्या दिवशी माझं आधीच काहीतरी ठरलं आहे, असं म्हणायची रीत आहे. ‘काहीतरी’ म्हणजे काय, हे सांगायचं बंधन नाही आणि विचारायचीही पद्धत नाही.

भाषाशास्त्रज्ञांनी हा विषय चाळीसेक वर्षं चांगला नांगरला आहे. जेनी थॉमस या ब्रिटिश अभ्यासिकेने १९८३ मधल्या लेखात एक नेमकी गोष्ट मांडली. परक्या माणसाने व्याकरण चुकवलं तर लोक म्हणतात, याची भाषा अजून कच्ची आहे. पण तो शुद्ध भाषेत चुकीच्या रीतीने बोलला, तर त्याचं खापर भाषेवर फुटत नाही, स्वभावावर फुटतं. म्हणजे भाषा जितकी सुधारत जाईल तितकी ही चूक महाग पडत जाते. ए-१ वाल्याचं ‘नाइन’ लोक हसून सोडून देतात. बी-२ वाल्याचं नाही.

१९९० मध्ये बीब, ताकाहाशी आणि युलिस-वेल्त्झ या तिघींनी नकारावरचं त्यांचं गाजलेलं काम प्रसिद्ध केलं. वीस जपानी माणसं जपानीत, वीस जपानी इंग्रजीत आणि वीस अमेरिकन इंग्रजीत, अशा साठ जणांना त्यांनी बारा प्रसंग दिले: विनंत्या, निमंत्रणं, देऊ केलेल्या वस्तू, सल्ले. प्रत्येकाला नकार द्यायचा. इंग्रजीत उत्तरं देणारे जपानी लोक इंग्रजी शब्द वापरत होते, पण नकाराचा क्रम आणि त्यातला मजकूर बराचसा जपानी होता. त्यांची कारणं अमेरिकनांच्या कारणांपेक्षा मोघम होती. कुठे जायचं आहे, कधी, हे ते सांगत नसत. हे वाचताना मराठी वाचकाला ओळखीचं काही दिसलं तर ते साहजिक आहे. ‘जरा काम आहे’ या तीन शब्दांवर महाराष्ट्रात किती कार्यक्रम टळले असतील, याची गणती नाही. जर्मन माणसाबद्दल हॅम्बुर्गच्या युलिआने हाउस यांनी वर्षानुवर्षं इंग्रजी आणि जर्मन संभाषणांची तुलना करून निष्कर्ष काढला की जर्मन बोलणं अधिक थेट असतं, मुद्द्याकडे अधिक झुकतं, आणि ठरीव वाक्प्रचारांवर कमी अवलंबून राहतं. म्हणून ‘जरा काम आहे’ तिथे अपुरं पडतं आणि आपली पाच मिनिटांची सविस्तर कैफियत जास्त होते. हवं असतं मधलं एक वाक्य.

नकाराची खरी परीक्षा मात्र कागदावर होत नाही. ती ताटावर होते.

मराठवाड्यात पाहुण्याने ‘नको’ म्हणणं हा जेवणाचाच भाग आहे. वाढणारी पोळी घेऊन येते, पाहुणा दोन्ही हात ताटावर आडवे धरतो, ‘नको नको, खूप झालं’. ती म्हणते, ‘एवढी एकच, माझ्या हातची’. बोटांच्या फटीतून पोळी ताटात पडते. पाहुणा हरतो आणि जेवतो. पहिलं ‘नको’ कुणी खरं मानत नाही. दुसरं ऐकून घेतात. तिसऱ्याला वाढणारीचा हात थांबतो. यजमानाने पहिल्याच ‘नको’ला पोळी परत नेली, तर तो कंजूष, हे उघड आहे.

जर्मन टेबलावर पहिलं ‘नाही’ हेच शेवटचं. ‘नाइन, डांके’ म्हटलं की केक पुढच्या माणसाकडे सरकतो आणि परत येत नाही. आपला माणूस उपाशी राहतो आणि मनात म्हणतो, यांना आग्रह कसा तो माहीतच नाही. याहून फसवी गोष्ट म्हणजे नुसतं ‘डांके’. ‘आणखी कॉफी घेणार?’ याला कुणी फक्त ‘डांके’ म्हटलं की जर्मन माणूस साधारणपणे ‘नको’ असं समजतो. धन्यवाद म्हणजे होकार, या समजुतीने नवखा पाहुणा ‘डांके’ म्हणत राहतो आणि त्याचा कप रिकामाच राहतो. घ्यायचं असेल तर ‘या, गेर्न’ किंवा ‘या, बिटे’ म्हणावं. मांस, दारू यांच्याबाबत मात्र ही पहिल्या नकाराची रीत आपल्या मुलांच्या पथ्यावर पडते. ‘मी दारू घेत नाही’ एवढं एकदा सांगितलं की विषय संपायला हवा. वारकरी घरातल्या मुलाला त्याचं कारण समजावत बसावं लागत नाही. ग्लासात पाणी घेऊन ‘प्रोस्ट’ म्हणता येतं.

वाढदिवसाचं निमंत्रण नाकारताना आणखी एक गोष्ट सांभाळायची असते, ती पुस्तकात क्वचितच मिळते. जर्मन लोक वाढदिवसाच्या शुभेच्छा आगाऊ देत नाहीत. ते अशुभ समजतात. आपली सवय उलटी. ‘मला यायला जमणार नाही, तर आधीच हॅपी बर्थडे’, असा मेसेज आपण प्रेमाने गुरुवारीच टाकतो आणि तिकडे वाचणारा दचकतो. कार्यक्रम छान होवो, असं आधी लिहिलं तर चालतं. वाढदिवसाच्या शुभेच्छा त्या दिवशीच द्यायच्या. आणि ऑफिसात ज्याचा वाढदिवस, त्यानेच केक आणायचा, हेही जाता जाता लक्षात ठेवलेलं बरं.

‘डू’ आणि ‘झी’चा प्रश्न मराठी माणसाला सोपा जातो, कारण ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आपल्या रक्तात आहेत. खाचखळगे आहेत ते कुणाला काय म्हणायचं यात. जर्मन नातू आजोबांना ‘डू’च म्हणतो, तिथे आपल्याला ‘तुम्ही’ सुचतं. उलट नोकरीच्या ठिकाणी ‘झी’वरून ‘डू’वर येण्याची सूचना वयाने किंवा अधिकाराने मोठ्या माणसाने करायची असते. त्यांनी ‘आपण आता डू म्हणू या’ असं सुचवलं, तर तेही एक निमंत्रणच असतं, आणि ते नाकारणं सगळ्यांत अवघड. कॉफीचं आमंत्रण परत येतं. हे सहसा येत नाही. साठीच्या वॉर्डप्रमुख बाईंना ‘डू’ म्हणायला जिभेला जड गेलं तरी म्हणून टाकावं, असाच सल्ला अनुभवी माणसं देतील.

ए-२ च्या तोंडी परीक्षेत नकाराचा सराव खेळासारखा होतो. दोन परीक्षार्थी समोरासमोर बसतात, प्रत्येकाच्या हातात एका दिवसाचं वेळापत्रक, दोन्ही वेगवेगळी भरलेली. दोघांनी मिळून एखाद्या कामासाठी, समजा भेटवस्तू आणायला, एक वेळ ठरवायची. ‘दहा वाजता?’ ‘डा कान इश लायडर निश्त, मला डॉक्टरकडे जायचं आहे. बारा चालतील?’ ‘बाराला माझा क्लास.’ असं करत करत दोघं चारला पोचतात. या खेळात पहिल्याच फटक्याला ‘हो’ म्हणणाऱ्याला बोलायला काही उरत नाही. प्रत्येक ‘नाही’ला एक नवी वेळ जोडलेली असते, म्हणून संभाषण पुढे सरकतं. जालन्यातल्या एखाद्या घरी दोघी बहिणींनी रोज संध्याकाळी हा खेळ दहा मिनिटं खेळला, तर क्लासच्या फीपेक्षा जास्त उपयोग होईल.

या सरावाची गरज परीक्षेनंतर जास्त लागते. जर्मनीतल्या रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत माणसं कमी आहेत. म्हणूनच तर आपली मुलं बोलावली जातात. तिथे सुट्टीच्या दिवशी सकाळी फोन येतो: अमुक आजारी पडली, तू आज तिच्या जागी येशील का? याला जर्मन कर्मचाऱ्यांच्या बोलीत ‘आइनश्प्रिंगेन’ म्हणतात. नवी, परदेशातून आलेली नर्स प्रत्येक वेळी ‘हो’ म्हणते, कारण तिला घरून तेच वळण आहे, आणि वरिष्ठाला ‘नाही’ म्हणणं तिच्या कल्पनेतही नाही. मग फोन तिलाच येत राहतो. सोबतची जर्मन नर्स त्याच फोनला ‘डास गेट लायडर निश्त’ म्हणते, ते आज जमणार नाही, आणि फोन ठेवते. तिच्याबद्दल कुणी वाईट बोलत नाही. यादीतल्या पुढच्या नावाला फोन लागतो. ही चार शब्दांची ओळ बी-२ च्या साऱ्या पुस्तकापेक्षा जास्त झोप मिळवून देऊ शकते.

जर्मनांच्या देशात राहून, त्यांच्याच प्राध्यापकाला ‘नाही’ म्हणणारी एक मराठी बाई शंभरेक वर्षांपूर्वी होऊन गेली, हेही इथे सांगायला हरकत नाही. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचं म्हणणं असं होतं की गोऱ्या युरोपियनांच्या कवट्या विशिष्ट तऱ्हेने असमान असतात आणि त्यातून त्यांची श्रेष्ठ बुद्धी दिसते. इरावतींनी कवट्या मोजल्या. तसा काही संबंध त्यांना दिसला नाही. आणि प्रबंधात त्यांनी तसंच लिहिलं. हे चहाचं निमंत्रण नव्हतं, पण पदवी ज्याच्या हातात त्यालाच, पुराव्यानिशी, वेळेत दिलेला तो नकार होता.

आता हा सगळा प्रकार उलट्या दिशेने घडला तर काय होतं, तेही पाहू. समजा, अंबड तालुक्यातला एक मुलगा स्टुटगार्टजवळ कामाला लागला आणि त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं. त्याने हौसेने आपल्या जर्मन सुपरवायझरला पत्रिका दिली, ‘आगत्य यावे’सह. सुपरवायझरने ती मनावर घेतली. दोन महिने आधी त्याचं उत्तर आलं: आभार, फार आनंद झाला, यायला खूप आवडलं असतं, पण त्या आठवड्यात मुलाच्या शाळेचा कार्यक्रम आहे, म्हणून ‘लायडर’ जमणार नाही, नवदांपत्याला शुभेच्छा. जर्मन रीतीने हे उत्तर दहापैकी दहाचं आहे. मुलाने रात्री घरी व्हिडिओ कॉल लावला. आईने विचारलं, ‘साहेब काय म्हणाले रे?’

आता मुलापुढे दोन वाटा. शब्दशः सांगितलं तर आई म्हणेल, कार्य दोन महिन्यांवर आहे अन्‌ आत्ताच ‘नाही’ म्हणाला? असा कसा माणूस? मग बापही विचारेल, तू तिथे नीट वागतोस ना? बी-१ पास झालेल्या त्या मुलाने जरा थांबून जे भाषांतर केलं, ते कुठल्याही परीक्षकाने चुकीचंच ठरवलं असतं.

‘जमेल तसं येतो म्हणाले.’

आई म्हणाली, ‘चांगलाय बाबा माणूस. त्यांच्या नावाचा एक नारळ बाजूला ठेवते.’